पालथ्या काहिलीवरचा विडा

"मी हितनं गेलो, की ह्या गावचा गूळ म्हशीसुदिक हुंगायच्या न्हाईत," असं जोतीराम गुळव्या एकदा म्हणाला होता, आणि गुऱ्हाळावरची सगळी माणसं हसली होती. गुंडा तेवढा हसला नव्हता. तो चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालायचा. तिथं बसलेल्या माणसानं हसायला तोंड उघडलं, की आधी धूर आत जातो.

बारा वर्षं गुंडा त्या जागेवर बसला होता. समोर जाळ, मागं पिळलेल्या उसाच्या चिपाडांचा ढीग, आणि डोक्याच्या वर, रस उकळायच्या काहिलीच्या काठाशी, जोतीरामचे पाय. लांब, काळे, भेगा पडलेले. जोतीरामच्या चेहऱ्यापेक्षा गुंडाला ते पाय जास्त ओळखीचे होते. पाक आळायला आला, की उजव्या पायाचा अंगठा आपोआप वर उचलला जायचा. हे जोतीरामला स्वतःला ठाऊक नव्हतं.

जोतीराम मूळचा वडूजकडचा. तिकडं ऊस बघायचा तर बाजाराच्या दिवशी बघायचा. विसाव्या वर्षी एक घोंगडं खांद्यावर टाकून तो कृष्णाकाठी उतरला, एका म्हाताऱ्या गुळव्याच्या हाताखाली कसब शिकला, आणि त्या म्हाताऱ्याचं नाव पुढं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पन्नाशी गाठेपर्यंत कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत जे जे उगवत होतं, चालत होतं आणि बोलत होतं, त्या सगळ्याचा त्याला तिटकारा आला होता. इथल्या उसाला तो गवत म्हणायचा. रसाला बैलाचं मूत म्हणायचा. माणसांविषयी बोलायची वेळ आली तर बोलायचा नाही, थुंकायचा. गुऱ्हाळाच्या दाराशी एक आडवा वासा होता, जरा खाली बसवलेला. बाकीचे वाकून आत यायचे. जोतीराम सगळ्यांत उंच, पण वाकायचा नाही. रोज त्याचं मुंडासं वाशाला लागून तिरकं व्हायचं आणि रोज तो म्हणायचा, "ह्या गावची दारंसुदिक बुटकी."

हाताला गुण मात्र होता. पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात सोडून तो गोळी वळायचा, ती काहिलीच्या काठावर आपटायचा, आणि टण् असा आवाज आला की दोन्ही हात वर करायचा. मग आठ माणसं काहिल उचलून गूळ निवायच्या वाफ्यात रिकामी करायची. क्षणभर अलीकडं झालं तर गूळ चिकट, क्षणभर पलीकडं झालं तर जळका. तो क्षण जोतीराम कुणाला बघू द्यायचा नाही. पाठ फिरवायचा. त्याच्या आधी कनवटीला बांधलेली कसलीशी पूड चिमूटभर काहिलीत टाकायचा. त्या पुडीविषयी गावात नाना तर्क होते. कुणी म्हणे वडूजच्या डोंगरातली मुळी, कुणी म्हणे मंतरलेली राख. एकदा तो धोतर काठावर ठेवून नदीत आंघोळीला उतरलेला असताना गुंडानं ती पूड जिभेवर ठेवून बघितली. चुना होता. गुऱ्हाळाच्या कोनाड्यात त्याचं मडकंच भरलेलं असायचं.

हंगाम संपला, की काहिल घासून पालथी घालायची आणि तिच्या बुडावर मालकानं विडा ठेवायचा, अशी तिथली रीत होती. गुळव्यानं विडा उचलला म्हणजे पुढच्या हंगामाला तो बांधला गेला. मालक होते लालासाहेब. गावचा अर्धा ऊस त्यांचा, थोरला भाऊ पलटणीत सुभेदार. त्यांनी विडा ठेवला, की जोतीराम सगळ्यांकडं पाठ करून बसायचा. लालासाहेब म्हणायचे, "घ्या गुळवे." तो ऐकू न आल्यासारखा. दुसऱ्यांदा म्हणायचे. तिसऱ्या वेळी जोतीराम कंबरेवर हात ठेवून उठायचा आणि उपकार केल्यासारखा विडा घ्यायचा. लालासाहेबांना एकच गोष्ट तीनदा सांगायला लावणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. दर साली त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. पण गुळाकडं बघून ते गप्प बसायचे.

मागच्या साली ऐन हंगामात जोतीरामला हिवतापानं गाठलं. चार दिवस तो छपराच्या कोपऱ्यात घोंगड्याखाली कुडकुडत पडला. ऊस तोडून आलेला, रस थांबणारा नव्हता. लालासाहेबांनी गुंडाला वर चढवलं. ढेपांच्या साच्यात घालायची फडकी जोतीरामनं गाठोडं करून उशाला घेतली होती आणि तापातही ती तो सोडेना. मग गुंडाच्या बायकोनं, राहीबाईनं, आपलं जुनं लुगडं फाडून दिलं. गुंडानं चार दिवस गूळ काढला. पुडीबिगर काढला. ढेपा निघाल्या त्या पिवळ्याधमक, आणि प्रत्येकीच्या कमरेला लुगड्याच्या काठावरच्या रुईफुलांची ओळ उमटलेली.

पाचव्या दिवशी जोतीराम भिंतीला धरून उठला, एक खडा तोंडात टाकला आणि थुंकला.

"बायकूच्या लुगड्यातला गूळ," तो म्हणाला. "कुत्र्याला घाला."

ढेपा कुत्र्याला कुणी घातल्या नाहीत. त्या बाकीच्या मालाबरोबर सांगलीच्या पेठेत गेल्या. गुंडाला मात्र गावानं वर्षभर लुगडंवाला म्हणून हाक मारली. ज्ञानू कोळी भर चावडीत म्हणाला, "आरं, उद्या राहीबाईची चोळी घालून ये, गूळ आनकी ग्वाड हुईल." गुंडा परत चुलवाणाशी जाऊन बसला.

त्यानंतरच्या दिवाळीला, मोठी लढाई संपून दुसरं साल चालू असताना, आफ्रिकेचं पत्र आलं. सांगलीच्या अडत दुकानातले कारकून हाफिजभाई ते स्वतः घेऊन आले. आफ्रिकेत किसुमू नावाच्या गावी एका गुजराती शेठचा ऊसमळा होता. तिथं गुऱ्हाळ घालायचं होतं आणि त्यासाठी शेठला ह्याच गावचा गुळव्या हवा होता. पाच वर्षांचा करार, बोटीचं तिकीट, राहायला पत्र्याचं घर. चैत्राच्या आत हो की नाही ते कळवायचं.

त्या हंगामात जोतीरामनं गुळापेक्षा आफ्रिकाच जास्त शिजवली. काहिलीवर मळी धरली, तर "तिकडं आसला ऊस जनावराला घालतेत." बैल थांबले, तर "तिकडं इंजिन हाय, बैल न्हाई." लालासाहेब समोर दिसले, की मुद्दाम मोठ्यानं, "हाफिजला सांगावा धाडतो, बोट ठरव म्हनून." तो कुठल्या बोटीनं जाणार, समुद्राचं पाणी पिणार का, तिकडची बायको करणार का, हे सगळं विचारून झालं. चार महिने माणसं विचारत राहिली आणि मग विचारायची थांबली. फक्त लालासाहेबांनी काहीच विचारलं नाही. ते दाराशी येऊन ऐकायचे आणि निघून जायचे.

हंगाम संपायला आठवडा उरला तेव्हा गुळाच्या गाडीबरोबर जोतीराम सांगलीला निघाला. गुंडाला बरोबर घेतलं, कारण गाठोडं कुणीतरी उचलायला हवं होतं.

सांगलीत आधी फोटो काढला. पासपोर्टाला लागतो, असं हाफिजभाईंनी कळवलं होतं. फोटोवाल्यानं त्याला आपलाच एक काळा कोट घालायला दिला. तो बाह्यांत आखूड होता. मागच्या पडद्यावर संगमरवरी जिने आणि मोर रंगवलेले होते. त्यांच्यापुढं जोतीराम खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला आणि मोरांकडंही त्यानं तुच्छतेनं बघितलं. मुंडासं काढून हातात धरायचं काम गुंडाकडं होतं. फोटोवाला म्हणाला, "ह्यांचा नाही का काढायचा?"

"त्येचा कशाला?" जोतीराम म्हणाला. "चुलवाणाचा फोटू काढत्यात व्हय कुनी?"

दुपारी दोघं अडत दुकानात गेले. हाफिजभाईंनी गादीवर बसवलं. करारावर अंगठा घ्यायला शाईची डबी काढून ठेवली.

"बुवा, एकदा सगळं ऐकून घ्या. मागनं म्हणाल हाफिजनं फसवलं. हाताखाली वीस माणसं मिळतील, तिथलीच, शेठच्या मळ्यावरची. त्यांना मराठी येत नाही. त्यांची बोली वेगळी, स्वाहिली म्हणतात."

"एकालाबी येत न्हाई?"

"एक अक्षर नाही."

जोतीराम विचारात पडला. "मग शिव्या कशा द्यायच्या वो?"

हाफिजभाई पोट धरून हसले. "त्यांच्या बोलीत शिकाव्या लागतील, बुवा. नाहीतर देऊच नका."

"तसं गुऱ्हाळ चालतंय व्हय?" असं म्हणाला खरा, पण तोही गालात हसत होता. अंगठा त्यानं धोतराला पुसून तयार ठेवला होता. गुंडाला दिसत होतं, की हा आता जाणार. खरंच जाणार. त्याच्या छातीत बारा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

तेवढ्यात हाफिजभाईंना आठवण झाली. ते उठले आणि काचेच्या कपाटातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा घेऊन आले. "हे बघा. शेठला नमुना पाठवला होता ना, त्याच ढेपेचा तुकडा. जपून ठेवलाय. दुकानात वीस गावचा माल येतो, पण शेठनं सगळे नमुने बाजूला सारून ह्यावर बोट ठेवलं. लिहितात, कारागीर शौकीन दिसतो, गुळावरसुद्धा फुलं काढतो."

कागद उघडला. खड्याच्या एका अंगाला रुईफुलांची ओळ होती. साडेतीन फुलं.

जोतीरामनं खडा हातात घेतला. एकदा उलटा केला, एकदा सुलटा. नखानं एका फुलावरून रेघ ओढली. गुंडा दारापाशी गाठोड्याजवळ उभा होता. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. पण त्या समुद्रापलीकडं बसलेल्या एका माणसानं त्याचा हात ओळखला होता, राहीबाईच्या लुगड्यासकट. फक्त नाव त्याला चुकीचं कळलं होतं. ते नाव दुरुस्त करायला जोतीरामला एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य गुंडालाही बोलता आलं असतं. तो बोलला नाही. जोतीराम बसलेला असताना आपण बोलायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"तिकडं पाक कसा बगत्यात?" जोतीरामनं एकदम विचारलं. आवाज बदलला होता.

"शेठ काचेची नळी आणणार आहेत. पाकात बुडवली की आकडा दिसतो."

"काचंची नळी." त्यानं खडा गादीवर टाकला. "नळी पाक सांगनार आन् मी काय नळी धरून हुबा ऱ्हाऊ? नगं. आपल्याला न्हाई जायाचं. शेटला लिवा, दुसरा बगा म्हनावं."

हाफिजभाईंनी परत परत विचारलं. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. जोतीराम नळीलाच धरून बसला. शेवटी हाफिजभाईंनी शाईची डबी मिटली, करार फाडला आणि गुंडाकडं बघितलं. भिंतीवरच्या खुंटीकडं बघावं तसं. मग ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

परतीच्या गाडीत नदीचा उतार आला तसा जोतीराम गुंडाकडं न बघता म्हणाला, "ए गुंड्या. गावात ह्यातलं काय बोलायचं न्हाई. मी जानार का न्हाई, त्ये माझं मी सांगीन. त्वांड उघाडलंस तर चुलवाणात घालीन."

"न्हाई बोलत, तात्या."

"आई शप्पत म्हन."

"आईशप्पत."

खड्याचं नाव त्यानं काढलं नाही. फोटोचं पाकीट मात्र गाव येईपर्यंत तीनदा उघडून बघितलं. मोरांपुढचा तो उंच, कोट आखूड झालेला माणूस त्याला आवडला असावा. गुंडाला सगळं समजलं. गावात फोटो दाखवायचा, पासपोर्ट झाला म्हणायचं, आणि विडा ठेवायच्या दिवशी लालासाहेबांना यंदा तीनदा नाही, दहादा म्हणायला लावायचं. मग गावावर दया करून राहायचं. आफ्रिका सोडून राहिला, असं पुढं दहा साल ऐकवायचं.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावानं फोटो बघितला. दिवस मावळायच्या आत लालासाहेब गुऱ्हाळावर आले. जोतीराम नदीला गेला होता. ते चुलवाणाजवळ येऊन उभे राहिले. गुंडा उठायला लागला तर म्हणाले, "बस, बस. काय रं, सांगलीला काय झालं? ठरलं का त्येचं?"

गुंडानं चिपाडांची एक पेंढी आत सारली. जाळ एकदम वर आला.

"फोटू काढला, आबा."

"ते बगितलं. पासपोटाचा का?"

"पासपोटाचाच म्हनून काढला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. लालासाहेबांनी मान हलवली.

"मागल्या साली चार दीस तू काढलास गूळ. पुरा हंगाम जमंल?"

"जमंल."

"पूड न्हाई तुज्याकडं."

"चुना हाय, आबा. कोनाड्यात."

लालासाहेबांना ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांची मिशी हलली, आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा त्या मिशीखाली हसू दिसलं. "व्हय रं?" एवढंच ते म्हणाले आणि वाशाखालून वाकून निघून गेले.

आणखी चार दिवस होते. चार दिवसांत जोतीरामला एकटं गाठून सांगता आलं असतं, की तात्या, विड्याच्या आधी आबांस्नी भेटा. गुंडानं ते वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं. घर म्हणजे गाव नव्हे, असं धरून राहीबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "माज्या लुगड्यावर थुकलं हुतं त्येनं." मग भाकरी उलटली.

तिसऱ्या दिवशी एक नवलच झालं. पाक आळायला आला, अंगठा वर उचलला गेला, आणि जोतीरामनं पाठ फिरवली नाही. तो खाली वाकला आणि त्यानं पाण्याची वाटी गुंडापुढं धरली. आत गोळी होती.

"बग."

गुंडानं बघितलं. गोळी बरोबर होती.

"काय म्हनतीया?"

गुंडा तोंड उघडणार तोच जोतीराम म्हणाला, "नुस्तं बग. बोलू नगंस." आणि वाटी वर गेली.

हे एवढंच त्याच्याजवळ द्यायला होतं. बारा वर्षांनी, साडेतीन फुलांच्या बदल्यात, एक वाटी. तीही परत घेण्यासाठी. गुंडाला आपण गहिवरू असं वाटलं होतं. उलट त्याला किळस आली. वाकलेला जोतीराम उभ्या जोतीरामपेक्षा लहान दिसत होता, आणि ह्याच्या पायाशी आपण बारा वर्षं बसलो, ह्या विचारानं त्याला स्वतःचीही किळस आली. मनात जुळवून ठेवलेलं वाक्य त्यानं चिपाडाबरोबर आत सारलं.

शेवटच्या दिवशी काहिल घासून पालथी घातली. तिचं बुड हत्तीच्या पाठीसारखं काळं दिसत होतं. सगळे जमले. जोतीराम नेहमीसारखा सगळ्यांकडं पाठ करून बसला. कोऱ्या धोतरात, फोटोचं पाकीट बंडीच्या खिशात. गुंडाला त्याची मान दिसत होती. ताठ होती. ती मान तीन हाकांची वाट बघत होती.

पण लालासाहेब विडा ठेवायच्या आधी उभे राहिले.

"मंडळी, आमचा जोतीराम समिंदरापल्याड निघाला. बारा सालं हितं राबला. गेला तर आमचा गूळ म्हशीसुदिक हुंगायच्या न्हाईत, आसं त्योच म्हनाला हुता. आता म्हशींस्नीच इचारू." माणसं हसली. "पर जानाऱ्या मानसाला रिकाम्या हातानं लावून देऊ नये. आना रं फेटा."

ज्ञानू कोळ्यानं फेटा बांधला, गुलाबी, भला मोठा. जोतीरामला उभं केलं. तो उभा राहिला. त्याला अजून वाटत होतं, की हे सगळं विनवणीच्या आधीचं आहे. मग लालासाहेबांनी स्वतः त्याच्या हातात नारळ ठेवला.

नारळ हातात पडला तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"किसुमूला पोचलास की कागूद धाड," लालासाहेब म्हणाले. मग त्यांनी पालथ्या काहिलीवर विडा ठेवला आणि चुलवाणाकडं बघून हाक दिली, "घे गुंडा."

जोतीराम वळला. त्यानं लालासाहेबांकडं बघितलं नाही, माणसांकडंही नाही. तो गुंडाकडं बघत होता. तिथं जमलेल्या माणसांत एकट्या गुंडाला ठाऊक होतं, की आफ्रिका नाही, बोट नाही, करार फाटलेला आहे. न्हाई जात त्ये, आबा. एवढं बोलणं पुरेसं होतं. जोतीरामचे ओठ किंचित हलले, मुलाला बोलायला शिकवताना बाईचे हलतात तसे.

गुंडानं आईची शपथ घेतली होती. त्यानं ती पाळली.

तो चुलवाणाशेजारून उठला, धोतराची राख झटकली आणि पहिल्याच हाकेला विडा उचलला. पान तोंडात घातलं. पानात चुना जरा जास्त झाला होता. जीभ भाजली, तरी तो चावत राहिला.

जोतीराम थोडा वेळ नारळ धरून उभा होता. मग माणसांनी त्याला वाट करून दिली. तो दाराशी गेला. वाशापाशी क्षणभर थांबला. फेटा उंच होता. जोतीराम खाली वाकला, चांगला गुडघ्यात वाकला, आणि काहीही न बोलता बाहेर पडला.